दोन हजारांचा दंड, चाळीस लाखांचा दावा

सकाळी दहाला अपघात झाला आणि दुपारी एकला गाडीचा विमा उतरवला, तर तो विमा त्या अपघाताला लागू होतो का? प्रश्न विनोदी वाटेल, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि तोही एकदाच नव्हे. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितले, की अपघाताच्याच तारखेला पॉलिसी काढलेली असेल, तर ती त्या दिवसाच्या आरंभापासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून लागू धरावी. या तर्काने सकाळच्या अपघाताला दुपारच्या कागदाचे छत्र मिळत होते. पुढे नव्वदच्याच दशकात न्यायालयाने ती फट बुजवली. पॉलिसीवर वेळ लिहिलेली असेल, तर विमा त्या वेळेपासूनच सुरू होतो, त्याआधी नाही. मोटार पॉलिसीवर तारखेशेजारी तास आणि मिनिटेही छापलेली असतात, ती पुष्कळांना कारकुनी वाटतात. त्या आकड्यांमागे अपघातानंतर एजंटाकडे धावलेल्या माणसांचा इतिहास आहे.

ही माणसे आधी का धावत नाहीत, हाच खरा प्रश्न. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे हे गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना माहीत असते. विमा कशासाठी आणि नसेल तर शिक्षा कोणती, याचे उत्तर मात्र ‘पोलिसांनी पकडले तर दंड’ इथेच थांबते. कायद्याने या बाबतीत दोन शिक्षा ठेवल्या आहेत. एक रस्त्यावर मिळते आणि ती किरकोळ आहे. दुसरी मोटार अपघात दावा प्राधिकरणात मिळते. ती उशिरा येते, आणि अनेकदा गाडी चालवणाऱ्याला सोडून भलत्याच्याच गळ्यात पडते.

भारतात ही सक्ती इंग्लंडच्या वाटेने आली. तिथे १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने त्रयस्थांसाठीचा विमा बंधनकारक केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तसे प्रकरण घातले गेले, पण ते अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. आज लागू असलेला कायदा १९८८ चा. त्याचे कलम १४६ सांगते, की सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरायचे, किंवा दुसऱ्याला वापरू द्यायचे, तर त्रयस्थाच्या जोखमीचा विमा हवा. ‘वापरू द्यायचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणणाऱ्या मेव्हण्याच्या हाती विमा संपलेल्या स्कूटरची किल्ली दिली, की देणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो.

यातला ‘त्रयस्थ’ म्हणजे विमा कंपनी आणि गाडीमालक सोडून तिसरा, रस्त्यावरचा माणूस. किमान विमा त्याच्यासाठी आहे. स्वतःच्या गाडीचा बंपर, काच किंवा चोरी यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठीचा वेगळा भाग, ज्याला बोलीत ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, तो ऐच्छिक आहे. मालक स्वतःच गाडी चालवताना दगावला, तर त्याच्यासाठी व्यक्तिगत अपघात विमा असतो. २०१८ मध्ये त्याची रक्कम एकदम १५ लाखांवर गेली. त्याआधी ती मोटारीसाठी दोन लाख आणि दुचाकीसाठी एक लाख एवढीच होती.

या किमान विम्याची एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. त्रयस्थाचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर विमा कंपनीच्या देण्याला रकमेची मर्यादा नाही. प्राधिकरण पाच लाख ठरवो वा पाच कोटी, ते कंपनीने भरायचे. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला: मोटारीसाठी साडेसात लाख, दुचाकीसाठी एक लाख. अमेरिकेत असे नसते. तिथे प्रत्येक राज्य किमान रक्कम ठरवून देते, आणि पॉलिसी त्या रकमेपाशी संपते. सनीव्हेल-फ्रीमाँट भागात जी मराठी घरे आहेत त्यांच्या कॅलिफोर्नियात हा किमान आकडा सुमारे अर्धशतक एका जखमी माणसामागे १५ हजार डॉलर होता, तो १ जानेवारी २०२५ पासून ३० हजारांवर आला. तिथल्या रुग्णालयात एवढ्या पैशात किती दिवस निघतात, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. न्यू हॅम्पशायरमध्ये तर सर्वसाधारण वाहनचालकावर विम्याची सक्तीच नाही. त्या तुलनेत आपला किमान विमा कागदावर विलक्षण उदार आहे. हे औदार्य कापण्याचा प्रयत्नही झाला. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूसाठी दहा लाख आणि गंभीर इजेसाठी पाच लाख अशी कमाल मर्यादा सुचवली होती. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा ती त्यात नव्हती, हे बरेच झाले.

उदार असला तरी हा विमा सगळ्यांचा नाही. स्कूटरवर मागे बसलेला मित्र किंवा मोटारीत शेजारी बसलेली मावशी नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दुचाकीवर फुकट बसून जाणाऱ्याच्या बाबतीत तसे स्पष्ट केले. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये, मात्र हे लोक धरले जातात, आणि विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसे बजावले. म्हणजे हजार-दोन हजार वाचवण्यासाठी फुल इन्शुरन्स सोडून नुसता थर्ड पार्टी घेणारा माणूस रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला अमर्याद संरक्षण देतो आणि स्वतःच्या गाडीतल्या पाहुण्यांना उघड्यावर ठेवतो.

ग्रामीण महाराष्ट्रात याचे अधिक दुखरे रूप दिसते ते वऱ्हाडाच्या टेम्पोत. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला विम्यात घेतले. पण लग्नाला, जत्रेला किंवा दशक्रियेला मागे उभे राहून निघालेल्या माणसांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे पक्के केले. विमा चालू असतो, हप्ता भरलेला असतो, तरीही घाटात टेम्पो कलंडला की कंपनी म्हणते, ही माणसे आमच्या करारात नव्हती. गोव्यात त्याचा किनारपट्टीचा अवतार भेटतो. तिथे भाड्याने द्यायच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर गुपचूप पर्यटकाला दिली, तर खासगी पॉलिसीची भाड्याने न देण्याची अट मोडते, आणि अपघात झाला की कंपनीच्या वकिलाचा पहिला मुद्दा तोच असतो.

आता शिक्षेकडे. कलम १९६ नुसार विम्याशिवाय गाडी चालवली किंवा चालवू दिली, तर पूर्वी एक हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार झाला. तीन महिन्यांची कैद तशीच राहिली. हे नवे दंड आले तेव्हा देशभर ओरड झाली. गुजरातने काही रकमा लगेच उतरवल्या. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार मागितला आणि राज्यातली अंमलबजावणी थांबवली. सुधारित दर इथे लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. गंमत अशी, की त्या गदारोळात चर्चा झाली ती हेल्मेट, सिग्नल आणि लायसन्सच्या दंडाची. विम्याचा दंड सगळ्यांनी मुकाट्याने गिळला, कारण दुप्पट होऊनही तो इतर दंडांच्या मानाने फारसा वाढलाच नव्हता.

तो किती लहान आहे, हे हप्त्याशेजारी ठेवल्यावर दिसते. थर्ड पार्टीचा मूळ हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ च्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६, आणि त्यावर ७,८९७. म्हणजे सर्वांत छोट्या मोटारीचा हप्ताही पहिल्या दंडापेक्षा चढा आहे. ४० टनांवरच्या मालट्रकला हप्ता ४४,२४२ रुपये, आणि पकडला गेला तर दंड तोच, दोन हजार! या हिशेबाने ट्रकवाल्याने विमा काढूच नये आणि स्कूटरवाल्याने कधीच चुकवू नये, कारण ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा हप्ता अवघा ७१४ रुपये आहे, दंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश.

प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. विमा माहिती ब्यूरोच्या अहवालानुसार मार्च २०१९ अखेर देशातली ५७ टक्के वाहने विम्याविना होती, आणि दुचाकींमध्ये हे प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांचा हप्ता सर्वांत कमी, तेच सर्वांत जास्त विम्याबाहेर. तेव्हा परवडत नाही हे कारण पूर्ण खरे नाही.

खरे कारण गाडीच्या आयुष्यक्रमात आहे. ट्रक, टॅक्सी, रिक्षा यांना ठरावीक काळाने आरटीओत जाऊन फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तिथे विम्याचा कागद मागतात. मोटार बहुधा कर्जावर असते, आणि आरसीवर बँकेचे नाव असेपर्यंत बँक विमा संपू देत नाही. शिवाय मोटारमालकाला स्वतःच्या पत्र्याची काळजी असते, म्हणून तो फुल इन्शुरन्स घेतो आणि थर्ड पार्टी त्याच्या पोटात आपोआप येते. खासगी दुचाकीच्या वाटेत मात्र असा एकही नाका नाही. तिची नोंदणी पंधरा वर्षांची असते. शोरूममधून पहिल्या विम्यासह निघालेली स्कूटर थेट पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला आरटीओचे तोंड पाहते. मधल्या काळात तिला विमा विचारणारा एकच, नाक्यावरचा हवालदार. ७१४ रुपयांच्या पॉलिसीसाठी पाठपुरावा करणे एजंटालाही परवडत नाही.

हे भगदाड ओळखले ते एका हाडांच्या डॉक्टरांनी लावून धरलेल्या खटल्यात. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. रस्त्यावर मोडलेली माणसे रोज टेबलावर बघणाऱ्याने न्यायालयात जावे, यात आश्चर्य नाही. त्याच प्रकरणात जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच द्यावा. तेव्हापासून नवी गाडी घेताना हप्त्याचा आकडा मोठा दिसतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला पाच वर्षांचे मिळून ३,८५१ रुपये लागतात. उपाय चांगलाच आहे, पण त्याने विस्मरण संपवले नाही, पाच वर्षे पुढे ढकलले. त्या नियमाखाली विकलेल्या पहिल्या स्कूटरींचा विमा सप्टेंबर २०२३ मध्ये संपू लागला, आणि पुढची दहा वर्षे पुन्हा मालकाच्या आठवणीवर.

या विस्मरणाला एक गैरसमज खतपाणी घालतो. ‘पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवस चालतात,’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस प्रत्येक सोसायटीत सापडतो. ते नव्वद दिवस नो क्लेम बोनसचे आहेत. विमा संपल्यापासून तेवढ्या दिवसांत पुन्हा काढला, तर स्वतःच्या गाडीच्या विम्यावरची साठलेली सवलत बुडत नाही, इतकेच. थर्ड पार्टी विम्याला सवलतीचा एकही दिवस नाही. मध्यरात्री पॉलिसी संपली, की बारा वाजून एक मिनिटाने गाडी विम्याविना असते.

धनादेशाची गोष्ट वेगळी. हप्त्याचा चेक वटला नाही, तरी कंपनीने पॉलिसी रद्द करून मालकाला कळवण्याआधी अपघात झाला, तर त्रयस्थाला पैसे देणे कंपनीला चुकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले. नंतर कंपनीने ते मालकाकडून वसूल करावेत. हीच ‘आधी द्या, मग वसूल करा’ची रीत बनावट लायसन्ससारख्या प्रकरणांतही वापरली जाते. न्यायालये जखमी माणसाच्या बाजूने बरीच वाकली आहेत, हे मान्य करायला हवे. पण त्यासाठी वाकवायला कुठली तरी पॉलिसी लागते. ती मुळातच नसेल, तर न्यायाधीशांच्या हाती काही उरत नाही.

पकडण्याची साधने आता बदलत आहेत. विम्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चढते, त्यामुळे पोलिसाला कागद मागायचीही गरज नाही, गाडीचा नंबर पुरतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत कायद्याने ग्राह्य आहे. बिहार आणि ओडिशाने टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यांना ही नोंद जोडून विमा संपलेल्या गाड्यांना आपोआप ई-चलन पाठवणे सुरू केले आहे. यातही अडचण तीच. टोलनाक्यावरून मोटारी आणि ट्रक जातात. विम्याबाहेरची खरी गर्दी दुचाकींची आहे, आणि ती टोलच्या रांगेत उभीच राहत नाही. गल्लीतून भाजीबाजारात आणि शेतातून तालुक्याला जाणारी दुचाकी कॅमेऱ्याला सहसा दिसत नाही.

मग एक दिवस दुसरी शिक्षा येते. समजा चौतीस वर्षांचा, महिना वीस हजार कमावणारा, घरी चार माणसे पोसणारा कारागीर अशा विमा नसलेल्या गाडीखाली सापडून गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी भरपाईचा हिशेब जवळजवळ गणिताच्या पुस्तकासारखा करून ठेवला आहे. वर्षाचे उत्पन्न दोन लाख चाळीस हजार. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराचा माणूस, म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे: तीन लाख छत्तीस हजार. चार अवलंबित, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: दोन लाख बावन्न हजार. या वयाचा गुणक सोळा. गुणाकार चाळीस लाख बत्तीस हजार, अंत्यविधी आणि सहवास गमावल्याच्या ठोक रकमा आणि व्याज वेगळे. यात गृहीत धरलेला पगार साधाच आहे, श्रीमंताचा नव्हे.

विमा असता तर हा धनादेश कंपनीने दिला असता. नसेल तर निकालपत्रात मालक आणि चालकाचे नाव येते. कायद्याने प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठवू शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकरी कुटुंबात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्याकडे जमीन, घर, पगार आहे, त्याचे सगळे पणाला लागते. ज्याच्याकडे काही नाही, त्याच्याकडून काहीच मिळत नाही, आणि मृताच्या घरी निकालपत्र तेवढे ट्रंकेत राहते. विम्याविना गाडी चालवण्याची सर्वांत कडक शिक्षा अशा वेळी त्या विधवेला होते, जिचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता.

‘मालक’ कोण, यावरही अनेकजण फसतात. गाडी विकली, मालकी हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले आणि नाव बदलून घेण्याचे काम खरेदीदारावर सोडले, हा महाराष्ट्रात सर्रास चालणारा व्यवहार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने पहिल्याला जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत फिरायचे नसते, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. वर्षांपूर्वी विकलेल्या, आठवणीतूनही गेलेल्या बाइकची नोटीस घरी येऊ शकते ती अशी.

एक अपवाद सांगायला हवा. सरकारी गाड्यांना विम्याची सक्ती नाही, आणि राज्य परिवहन उपक्रमांनाही स्वतंत्र निधी ठेवण्याच्या अटीवर सूट मिळू शकते. कल्पना अशी, की सरकार दिवाळखोर होत नाही. पण भरपाई थकल्याने एसटीची बस जप्त केल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांना नव्या नाहीत. बस डेपोत अडकते, प्रवासी फलाटावर ताटकळतात, आणि पैसे मग हलतात.

विम्याविना गाड्यांसाठी कायद्याने आता दुसरी सोय केली आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना आहे. अपघात करणारी गाडी विम्याची असेल, तर हा खर्च विमा कंपन्यांच्या वर्गणीतून निघतो. गाडी विम्याविना असेल किंवा ठोकर देऊन पळाली असेल, तर सरकारी तिजोरीतून. पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीने मृत्यू झाला, तर एप्रिल २०२२ पासून वारसांना दोन लाख मिळतात, पूर्वी पंचवीस हजार मिळत. यातून एक चमत्कारिक स्थिती उभी राहते. गाडी सापडलीच नाही, तर दोन लाख पक्के. गाडी सापडली, पण तिला विमा नाही आणि मालक कंगाल, तर चाळीस लाखांचा हुकूमनामा, आणि हाती पडेल ते नशीब.

ते नशीब थोडे सुधारावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतला एक नियम सगळ्या राज्यांना आणायला सांगितला. अपघात केलेली विम्याविना गाडी मालकाला परत द्यायची नाही, त्याने पुरेसे तारण दिले तरच सोडायची. नाही दिले, तर तीन महिन्यांनी लिलाव करायचा आणि आलेले पैसे प्राधिकरणात भरायचे. पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात भिजत, टायर खचून, सीटवर शेवाळ धरून उभ्या असलेल्या दुचाकींची रांग कोणीही पाहिली असेल. लिलावात त्यातली एक भंगाराच्या भावाने जाते आणि ती रक्कम चाळीस लाख बत्तीस हजारांच्या खात्यावर जमा होते.